मांजरथडीची नऊ मिनिटं

मांजरथडीहून सोनबर्डीला येणारं विमान सकाळी साडेआठला निघायचं आणि नऊ बावीसला उतरायचं. बावन्न मिनिटं. दोन वर्षं यात फरक पडला नव्हता. मग एका हिवाळ्यात ते नऊ एकतीसला उतरू लागलं, आणि त्याबद्दल कुणी काही बोलेना. काही दिवसांनी फलकावरची वेळसुद्धा गुपचूप बदलली.

मला ते आधी कळलं, कारण सोनबर्डीच्या धावपट्टीवरची पाखरं उडवायचं काम माझं. तीस वर्षं हेच केलं. मध्ये ड्रोन आणले होते, पण पाखरं त्यांना सरावली आणि त्यांच्याच बाजूने उडायला लागली, म्हणून मला परत बोलावलं. गळ्यात एक छोटं यंत्र असतं, त्याला दोन बटणं. रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी एक दाबायचं. आकाश मोकळं असेल तर हिरवं, पाखरं असतील तर लाल. माझं बटण कधी चुकलं नाही, असं साहेब नव्या माणसांना सांगत. फलक वाचायला मी पन्नाशीत शिकले. त्यावरची प्रत्येक वेळ मला पाठ असते. त्यामुळे नऊ मिनिटं कुणी माझ्यापासून लपवू शकत नव्हतं.

मी जावयाला विचारलं. हेमराज तिथेच कंट्रोल रूममध्ये, उड्डाणांच्या नोंदी तपासून सही करायच्या कामावर. कामात नीट आहे म्हणून मीच हे स्थळ माझ्या लेकीसाठी, यामिनीसाठी पाहिलं होतं.

"जावईबापू, मांजरथडी लांब गेली का?"

"नाही मामी. तीनशे किलोमीटर. तेवढंच आहे."

"मग नऊ मिनिटं जास्त कशी?"

"वारा असतो वर."

"दोन महिने एकाच बाजूचा वारा? आणि आपलं विमान निघालं की थांबणारा? जातं ते तर अजून बावन्नातच जातं."

तो हसला नाही. "मामी, चहा घेता का?" म्हणाला, आणि समोरचा पडदा बंद केला. त्याने पडदा बंद केला, हे माझ्या डोक्यात राहिलं.

खरं तर तेव्हा मला वेळेशी देणंघेणं नव्हतं. माझा जीव यामिनीत होता. बाळंतपणानंतर तिचं हृदय कमजोर झालं. असं हजारात एखादीला होतं म्हणे. सूज, धाप, दोन पावलं चालली की भिंतीला धरायची. गावात हृदयाचं नवीन इस्पितळ झालं होतं, तिथेच ती पडून. औषधांनी होईना, तेव्हा दुसरं हृदय बसवायचं ठरलं आणि तिचं नाव यादीत लागलं. रोज सकाळी मी मूठभर ज्वारी तिच्यावरून ओवाळून पाखरांना टाकायची. आमच्यात करतात. पाखरं दुखणं घेऊन उडतात म्हणतात. यामिनी म्हणायची, "माय, दिवसभर पाखरं हाकलतेस आणि सकाळी जेवायला घालतेस. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?"

फेब्रुवारीत डॉक्टर मणियार बाईंनी मला खोलीत बोलावलं. चांगल्या आहेत त्या, पण त्या दिवशी कागदांची चाळवाचाळव करत राहिल्या.

"मावशी, मांजरथडीला दोन हृदयं मिळाली होती. यामिनीच्या रक्तगटाची. दोन्ही दुसरीकडे गेली."

"दुसरीकडे म्हणजे? माझी पोर पहिल्या नंबरवर आहे ना?"

"आहे. पण मांजरथडी आणि सोनबर्डी ही जोडीच यादीतून निघाली आहे."

त्यांनी कागदावर दोन ठिपके काढून सांगितलं. शरीराबाहेर काढलेलं हृदय चार तासच टिकतं. त्यात ते काढणं, गाडी, विमान, पुन्हा गाडी, मग बसवणं. पूर्वी डॉक्टर फोनवर बोलून ठरवत, त्यात ओळखीपाळखी चालत, म्हणून आता यंत्र ठरवतं. यंत्र कुणाचं नाव पाहत नाही. ते एका गावाहून दुसऱ्या गावी येणाऱ्या शेवटच्या नव्वद उड्डाणांच्या वेळा घेतं आणि सरासरी काढतं. सरासरी पंचावन्न मिनिटांच्या आत असेल तर ती जोडी यादीत, नाहीतर बाहेर. आमची सरासरी साठाच्या घरात गेली होती.

"हृदय काही सकाळच्या विमानानेच येत नाही ना? खास विमान पाठवतात."

"यंत्राला ते कळत नाही. त्याच्या हातात तेवढंच माप आहे."

"आणि ती दोन हृदयं कुठे गेली?"

त्यांनी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळाचं नाव घेतलं. ते मी इथे लिहीत नाही. तेव्हा मात्र ते मी दातांखाली धरून बाहेर आले.

आता मला सगळं दिसायला लागलं, किंवा दिसतंय असं वाटलं. इथलं विमान नऊ मिनिटं हळू झालं तर तिथल्या इस्पितळाला हृदयं मिळतात. मग हळू कोण करतं? ज्याच्या हातात नोंदी आहेत तो. हेमराज त्या हिवाळ्यात दोनदा न सांगता त्याच शहरात जाऊन आला होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशात मला बसचं तिकीट सापडलं. धुताना सापडलं असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी खिसे तपासत होते.

बायको अंथरुणाला खिळलेली, वय चाळिशीच्या आतलं, पगार बरा. माणसाच्या मनात काय येईल ते सांगता येत नाही. त्याने दिलेला चहा मी दोन दिवस पिऊ शकले नाही.

एका सोमवारी मी रजा टाकली, एसटीने मांजरथडीला गेले, चुलत बहिणीकडे उतरले आणि मंगळवारी सकाळी त्या विमानात खिडकीशी बसले. इतकी वर्षं विमानांच्या वाटेतली पाखरं उडवली, पण आत पहिल्यांदाच बसत होते. अठरा माणसांचं, बॅटरीवर चालणारं विमान. शेजारी बियाण्यांच्या दुकानाचे मालक होते.

"मावशी, पहिल्यांदाच का? घाबरू नका, खाली बघू नका."

"खाली बघायलाच आलेय."

मला पाहायचं होतं, विमान कुठे वळतं, कुठे घिरट्या घालतं, की मध्येच कुठल्या खाजगी पट्टीवर टेकतं. काहीच झालं नाही. ते सरळ चाललं होतं. सूर्य एकाच खिडकीत राहिला. डोंगर ओलांडल्यावर मात्र पंख्यांचा आवाज उतरला. खाली रेल्वे चालली होती. तिला मागे टाकायला आम्हाला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

उतरल्यावर मी वैमानिकाला गाठलं. चिटणीस नावाचे उंच गृहस्थ. ओळखपत्र दाखवल्यावर थांबले.

"साहेब, डोंगर ओलांडला की तुम्ही वेग का कमी करता?"

ते चपापले. "मी नाही करत. विमान करतं. हे बघा मावशी, पेट्रोलचं विमान असतं तर वर घिरट्या घालत थांबता आलं असतं. बॅटरीवर तेवढा जास्तीचा जीव नसतो. म्हणून पुढे अडचण आहे असं याला वाटलं, तर हे आधीपासूनच सावकाश येतं. उतरायच्या वेळी वाट मोकळी मिळावी म्हणून. प्रवाशांना कळतही नाही."

"पुढे कसली अडचण? आमच्याकडे दुसरं विमान दुपारी असतं."

"ते रोजच्या अनुभवावरून शिकतं. काय शिकलं ते मला सांगत नाही. तुमच्या कंट्रोल रूममध्ये दिसत असेल."

म्हणजे पुन्हा हेमराजच.

मी सरळ त्याच्या घरी गेले. तो यामिनीचा डबा भरत होता. मी तिकीट त्याच्यासमोर ठेवलं.

"कोणाला भेटायला गेला होतात?"

त्याने तिकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "माझे खिसे बघता मामी?"

"बघते. पोरीसाठी कुणाचेही बघेन. बोला. किती मिनिटं विकलीत त्यांना?"

तो डबा खाली ठेवून खुर्चीवर बसला. त्याच्या हाताला भाजी लागली होती, ती त्याने पुसली नाही.

"तिथल्या यादीत यामिनीचं नाव लागतं का, ते बघायला गेलो होतो. नाही लागत. रोग्याने तिथे येऊन राहावं लागतं, आणि हिला खाटेवरून उठवता येत नाही."

"आणि नऊ मिनिटं?"

त्याने कामाचा टॅब काढला आणि पडद्यावर आमच्या विमानतळाचा नकाशा लावला. उजवीकडे कुंपण, पलीकडे नाला. डावीकडे पाझर तलाव. मध्ये धावपट्टी. त्यावर शेकडो तांबडे ठिपके, नाल्यावर दाट, आणि तिथून धावपट्टी ओलांडून तलावाकडे गेलेला एक पट्टा.

"रोज नऊ दहा ते नऊ तीस. नोव्हेंबरपासून. विमान हेच शिकलंय. या वीस मिनिटांत इथे पाखरं असतात, म्हणून त्यानंतर पोचायचं."

मी नाल्याकडे बोट दाखवलं आणि माझं बोट तिथेच राहिलं.

ज्वारी मी धावपट्टीजवळ कधीच टाकली नव्हती. तेवढं मला कळत होतं. कुंपणाच्या पार, नाल्याकाठी टाकायची. पण मूठ माझ्या एकटीची राहिली नव्हती. इस्पितळाच्या बाहेर बाकड्यावर बसणाऱ्या बायकांनी मला ओवाळताना पाहिलं. एकीने तिच्या दिराची मूठ दिली, दुसरीने मुलाची. "मावशी, तुम्ही तिकडेच जाता, आमचीही न्या. तुमच्या हाताने पाखरं येतात." जानेवारीपर्यंत रोज तीस-पस्तीस मुठी व्हायच्या, पिशवीभर. त्याच हिवाळ्यात भोरड्यांचे, थंडीपुरत्या येणाऱ्या पाखरांचे, थवे उतरलेले. ते ज्वारी खायचे आणि पाणी प्यायला धावपट्टीवरून तलावावर जायचे. तीस वर्षं पाखरं बघून, खाल्ल्यावर त्यांना तहान लागते एवढं मला सुचलं नाही. मी रोज नऊ दहाला लाल बटण दाबत होते, आणि थवे कुठून येतात म्हणून त्यांच्यावर चिडत होते.

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"डिसेंबरपासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"काय सांगू मामी? तुम्ही पोरीवरून जे ओवाळून टाकता, त्यानेच तिचं नाव यादीतून गेलं, असं? कुंपणापलीकडे दोन माणसं लावली होती दाणे वेचायला. पाखरं त्यांच्या आधी येतात."

मला त्याच्यापुढे लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर रागही येत होता. दोन हृदयं गेली होती. त्याने तोंड उघडलं असतं तर एक तरी आलं असतं. मी हे बोलले नाही. त्याला ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावरच्या बायकांना मी सांगितलं. इंदूबाई तायडे, त्यांचा भाऊ यामिनीच्या खालच्या नंबरवर, त्या उसळल्या.

"आता तुमच्या पोरीचं होत आलं असेल, म्हणून आमच्या मुठी बंद का?"

"इंदूबाई, जोडीच गेली आहे यादीतून. तुमच्या भावाचीही."

"कोणी सांगितलं? जावयाने? तुमचेच लोक आत, तुमचेच बाहेर!"

मी त्यांना कुंपणाशी नेलं आणि नऊ दहाला वर बघायला लावलं. मूठ टाकलेली नव्हती तरी थवा आला. नाल्यावर फिरला, खाली काही नाही म्हणून चिडल्यासारखा ओरडला आणि धावपट्टीवरून गेला. इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यानंतर त्यांच्याकडून ज्वारी आली नाही.

पण पाखरं जागा लवकर विसरत नाहीत, आणि नव्वद दिवसांची सरासरी सावकाश उतरते. अठ्ठावन्न. सत्तावन्न. कमी थवे आले की मी आनंदाने हिरवं दाबायची, आणि विमान त्रेपन्नात यायचं. यामिनीचे ओठ त्या दोन महिन्यांत निळसर झाले. मी रोज बटणावर अंगठा ठेवून उभी असायची आणि मनात यायचं, दाब हिरवं, कोण विचारतंय. मग विमानातले बियाण्यांचे मालक आठवायचे. मी लाल दाबायची.

एप्रिलच्या सोळा तारखेला सरासरी पंचावन्नच्या काठावर होती. हेमराजने सकाळीच सांगितलं, "मामी, आज नीट उतरलं की आपण आत."

नऊ दहाला भोरड्या होत्या. चाळीसेक, नाल्याच्या खोलगट भागात, जमिनीला लागून. परत जायच्या आधीच्या शेवटच्या थव्यांपैकी असाव्यात. मी गोफण फिरवली, फटाका लावला, त्या उठून पुन्हा बसल्या. मी लाल दाबलं. विमान बासष्टात उतरलं.

दहा वाजता मणियार बाईंचा फोन आला. मांजरथडीला अपघातात गेलेला तरुण. घरच्यांनी होकार दिलाय. रक्तगट जुळतो. यंत्र दुपारी बाराला यादी पाहणार.

मी धावत कंट्रोल रूममध्ये गेले. हेमराजच्या पडद्यावर सकाळची नोंद उघडी होती. सरासरी पंचावन्नच्या वर, केसाएवढी. खाली एक ओळ चमकत होती. रडारमध्ये पक्षी आढळले नाहीत. माणसाची साक्ष ग्राह्य धरावी का?

रडारला जमिनीला चिकटलेली पाखरं दिसत नाहीत, माती आणि पंख त्याला सारखेच. म्हणून तर मला ठेवलं होतं.

"नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

"खोट्या इशाऱ्याने उशीर झाला असं धरून आजचं उड्डाण सरासरीतून निघतं. जोडी यादीत येते." त्याचा आवाज कोरडा होता. "पण मग यंत्र तुमचं बटण धरत नाही. आज संध्याकाळचं विमान रडारवरच उतरेल. हृदय आणणारं."

"म्हणजे पाच वाजता. पाखरं परतायच्या वेळी."

"हो."

"आत किती माणसं असतील?"

"वैमानिक, दोन डॉक्टर."

तो माझ्याकडे पाहत होता. फेब्रुवारीत मी त्याच्याकडे जसं पाहिलं होतं, तसं. आता ही काय करेल, हिच्या मनात काय आहे.

"मामी, होती का पाखरं? मला खरं सांगा. तुम्ही म्हणाल ते मी लिहीन."

त्याने चलाखी केली नाही. सगळं माझ्यावर टाकलं. त्याबद्दल मी त्याला अजून पुरती माफ केलेलं नाही.

"नव्हती," मी म्हटलं. "माझी नजर चुकली."

त्याने लिहिलं. मी तिथेच गळ्यातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

मग मी इस्पितळात गेले आणि बाकड्यावरच्या बायकांना उभं केलं. काही लपवलं नाही. हृदय येतंय, यामिनीसाठी येतंय, तुमच्यापैकी कुणासाठी नाही. पाचला पाखरं येतील. आपणच त्यांना तिथे जेवायला शिकवलं. मला माणसं हवीत.

इंदूबाई माझ्याकडे एकटक बघत राहिल्या.

"आणि माझ्या भावाचं येईल तेव्हा?"

"मी असेन."

"बटणाशिवाय?"

"बटणाशिवाय."

त्यांनी जेवणाच्या डब्याचं झाकण उचललं.

साडेचारला नाल्याच्या काठावर आम्ही एकोणतीस बायका होतो. हातात झाकणं, ताटल्या, एकीजवळ स्टीलचा तांब्या. उन्हाने जमीन तापलेली. थवे आले ते तलावाकडून, एकामागून एक. आम्ही बडवत सुटलो. भोरड्या उठल्या, वळल्या, पुन्हा खाली आल्या. कुणाच्या तरी हातातून रक्त यायला लागलं तरी ती थांबली नाही. इंदूबाई तर शिव्या देत होत्या, पाखरांना, यंत्राला आणि मधूनमधून मलाही.

विमान डोंगराच्या बाजूने दिसलं. मुळीच सावकाश येत नव्हतं. थवा दक्षिणेकडे सरकला, अजून थोडा, आणि मधली वाट मोकळी झाली. चाकं टेकल्याचा आवाज मी तीस वर्षं ऐकत आले, पण त्या दिवशी तो होईपर्यंत मी श्वास घेतला नव्हता. रुग्णवाहिका आधीच पट्टीवर उभी होती.

एक्कावन्न मिनिटं, असं हेमराजने नंतर सांगितलं.

यामिनी आता घरी आहे. जिना चढते, मुलीला उचलते, माझ्याशी भांडते. मला कामावरून काढलं, ते योग्यच होतं. जिची साक्ष खोटी ठरली तिच्या हातात बटण देता येत नाही. इंदूबाईंच्या भावाला जूनमध्ये हृदय मिळालं. तेव्हाही मी कुंपणाबाहेर झाकण घेऊन उभी होते.

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. सोळा एप्रिलला बारा वाजता यंत्राने यादी पाहिली, तेव्हा सोनबर्डी सोडली तर पुढचं नाव त्या मोठ्या शहरातल्या कुणाचं तरी होतं. मी "होती" म्हटलं असतं तर ते हृदय तिकडे गेलं असतं. ते माणूस बाई होतं की पुरुष, तेही मला माहीत नाही. मी मणियार बाईंना विचारलं, त्यांनी सांगितलं नाही. पण त्याच्यामागेही माझ्यासारखी कुणी बाई असेल. ती आता वेळा जुळवत बसली असेल, बासष्ट मिनिटांचं एक उड्डाण नोंदीतून कसं गळालं, कुणी गाळलं, कुणाला काय मिळालं. तिला जावयावर संशय येत असेल, डॉक्टरांवर, सगळ्यांवर.

बाई, कुणावर संशय घेऊ नका. पाखरं होती. चाळीसेक, नाल्याच्या खोलगट भागात. मी पाहिली होती.

कौतिक सपकाळे, सोनबर्डी.